दरीतलं लँडिंग आणि माझी खोली

१ मार्च, सकाळी ६.०५
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. कपाटाला कुलूप लावणार.

संकल्प: महिन्याभरात ‘दरी’ची परीक्षा पास व्हायची. दरी म्हणजे आमच्या फ्लाइट सिम्युलेटर क्लबातला, म्हणजे घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांचा, सगळ्यात अवघड विमानतळ. दोन्हीकडे डोंगर, मधे नदी, आणि धावपट्टी शेवटच्या वळणापर्यंत दिसतच नाही. दगडाच्या खाणीवर पोचलं की उजवीकडे वळायचं आणि अठरा सेकंदांत चाकं टेकवायची. खरे पायलटसुद्धा इथे घाम पुसतात. त्यांना निदान पगार मिळतो.

परीक्षा ३० तारखेला. तिच्यावर खोली ठरणार आहे. मुलगी स्पीच थेरपी शिकून घरी आलीय. पक्षाघाताने वाचा गेलेल्या लोकांना पुन्हा बोलायला शिकवते. त्यासाठी तिला माझी खोली हवी आहे, म्हणजे माझं कॉकपिट. काल जेवताना स्पष्ट सांगितलं, पास झालो तर खोली कायमची माझी, नापास झालो तर तुझी. ती म्हणाली, ठीक आहे बाबा. बायको ताटं उचलत राहिली.

मी स्वतः ड्रायव्हिंग लायसन्सचा इन्स्पेक्टर. एकवीस वर्षं लोकांच्या टेस्ट घेतोय. परीक्षा म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये.

३ मार्च, संध्या. ७.२०
दोन प्रयत्न. पहिल्यात खाण दिसली नाही. दुसऱ्यात फारच जवळून दिसली. पण मी क्रॅशचं सेटिंग बंद ठेवतो, त्यामुळे विमान खाणीतून आरपार गेलं आणि पलीकडे सुखरूप उतरलं. यशस्वी. क्रॅश चालू ठेवला तर आदळताच स्क्रीन काळी होते आणि सगळं पुन्हा लोड व्हायला चार मिनिटं जातात. नोकरदार माणसाला हे चोचले जमत नाहीत.

पायाखालची पेडलं फरशीवरून सरकतात. उद्या भिंतीला ठोकून टाकणार.

५ मार्च
पेडलं ठोकली. खिळा पाण्याच्या पाइपात गेला. बायको म्हणाली, त्या भिंतीत पाइप आहे हे मी मागच्या वेळीही सांगितलं होतं. मागच्या वेळी खिळा वेगळा होता. तिला कुठलीही गोष्ट उगाळायची सवयच आहे.

प्लंबरने खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, इथे नक्की काय चालतं? त्याच्या तोंडाला लागलो नाही.

८ मार्च, सकाळी ७.४०
मुलीने डायनिंग टेबलावर दुकान मांडलंय. रोज सकाळी एक रिटायर्ड पोस्टमास्तर येतो. सात महिन्यांपूर्वी झटका आला, तेव्हापासून शब्द गेले. आज त्याचा शब्द ‘दार’. दार. दार. दार. वीस मिनिटं. मी नऊ हजार फुटांवर, खाली ढग, आणि बंद दाराबाहेर हा माणूस दार म्हणतोय.

तिला सांगितलं, हळू आवाजातले शब्द शिकव. ती म्हणाली, बाबा, शब्द आधी येऊ तर दे, हळू नंतर. उलट उत्तरं द्यायला मात्र हिला कुणी शिकवावं लागलं नाही.

मुद्दाम करतात. दोघी मिळून.

११ मार्च, ऑफिसातून
एक नर्स तिसऱ्यांदा टेस्टला आली होती. रिव्हर्स चांगला घेतला, चढावर गाडी थांबवून पुन्हा काढली, मागे इंचभर सरकली नाही. तरी नापास. बसल्यावर आधी आरशाला हात लावायचा असतो, तिने लावला नाही. म्हणाली, साहेब, गाडी माझीच आहे, सकाळी आरसा लावूनच आणली. मी म्हटलं, बाई, नियम म्हणजे नियम. सुरुवातीच्या साध्या गोष्टी ज्याला जमत नाहीत त्याने रस्त्यावर येऊच नये.

ती डोळे पुसत गेली. हे हत्यार माझ्यापुढे चालत नाही.

१४ मार्च, सकाळी ६.३०
आज उड्डाणाचा सराव. दरीतून निघणं हे उतरण्याहून वाईट. धावपट्टी संपली की लगेच डावीकडे वळायचं, कारण समोर डोंगर आहे. वळलो. पण डावीकडेही डोंगर होता. नकाशा बनवणाऱ्यांनी हे आधी स्पष्ट करायला हवं होतं. त्यांना कडक ईमेल पाठवली.

क्रॅश बंद असल्यामुळे डोंगराच्या आत तीन मिनिटं उडालो. आतून डोंगर पोकळ आणि करडा आहे. मग पलीकडे बाहेर पडलो. यशस्वी उड्डाण क्र. १.

१७ मार्च
घोर अपमान. स्पीकरचा आवाज थोडा वाढवला होता, इंजिन ऐकल्याशिवाय वेग कळत नाही. टेबलाशी ‘पाणी’ चालू होतं. पा, पा, पाणी. आणि एकदम बाहेरून खणखणीत आवाज आला, बंद करा ते!

पोस्टमास्तर. सात महिन्यांतलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य, आणि तेही माझ्यावर.

बाहेर जाऊन बघतो तर मुलगी रडतेय, हसतेय, त्याचे दोन्ही हात धरून म्हणतेय, परत म्हणा काका, परत म्हणा. त्याने परत म्हटलं. माझ्याकडे बघून. बायकोने टाळ्या वाजवल्या. माझ्या घरात, माझ्या तोंडावर, दोन वेळा, आणि वर टाळ्या! माझ्यामुळे तो बोलला, याचं श्रेय मात्र कुणी दिलं नाही.

२० मार्च
क्लबाच्या परीक्षकाचं पत्र. खरं नाव कुणाला माहीत नाही, फोटोच्या जागी घुबड लावलंय, म्हणून मी घुबडच म्हणतो. अटी: क्रॅश चालू हवा. मधे थांबवायचं नाही. सेटिंगची स्क्रीन परीक्षकाला दिसली पाहिजे.

तीन पानी निषेध पाठवला. माझ्या नावावर यशस्वी लँडिंग एकेचाळीस आहेत, मी स्वतः सरकारी परीक्षक आहे, उमेदवारावर असा अविश्वास दाखवणं परीक्षकाला शोभत नाही, वगैरे. उत्तर आलं, रविवारी सहा वाजता या. बस्स. एवढी मिजास! मी तरी उमेदवाराला नापास का केलं ते सांगतो.

२२ मार्च
क्रॅश चालू करून सराव. सहा प्रयत्न, सहा काळ्या स्क्रीन. एकदा खाण, दोनदा नदी, दोनदा डोंगर, आणि एकदा काय होतं ते कळलंच नाही. माझ्या मते सेटिंगमध्ये बिघाड आहे.

ऑफिसात चौदापैकी अकरा नापास. हल्ली लोकांचा दर्जाच घसरलाय.

२५ मार्च, सकाळी ८.१०
मुलगी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, बाबा, तू ऑफिसला असतोस तेव्हा दहा ते पाच खोली रिकामीच असते. तेवढा वेळ वापरू का? सगळं होतं तसं ठेवीन. आता सात पेशंट झालेत, एकाला जिन्यात बसवावं लागतं.

मी म्हटलं, खुर्चीची उंची हलेल. ती सेट करायला मला दोन आठवडे लागलेत.

ती थोडा वेळ खोलीकडे बघत राहिली. खुर्ची, तीन स्क्रीन, पेडलं, भिंतीवरचा ओला डाग, सगळीकडे. मग बरं म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं, मी तयारीत होतो. भांडली नाही म्हणून दिवसभर डोक्यात राहिली. वाईट वाटलं, हे खोटं कशाला लिहू. पण ३० तारीख तोंडावर आलीय. वाईट वाटून घ्यायला पुढे आयुष्य पडलंय. शिवाय जिना हवेशीर आहे.

२८ मार्च
दोन दिवस घर शांत. मायलेकी सकाळपासून बाहेर, संध्याकाळी दमून येतात, आपसात हळू बोलतात, मी आलो की गप्प. पोस्टमास्तरही नाही. परीक्षेआधी मला शांतता मिळावी म्हणून हे चाललंय, माझ्या लक्षात आलंय. शेवटी किंमत कळली म्हणायची. आभार मानणार नाही, डोक्यावर बसतील.

आज खाण ओलांडली! पूर्ण. मग पाऊस आला आणि नदीत गेलो. पण खाण ओलांडली.

३० मार्च, संध्या. ५.४०
वीस मिनिटं उरली. हात स्वच्छ धुतले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. कॅमेरा नसतो, पण माणूस आवाजावरून कळतो. बायको पिशव्या भरताना दिसली. कुठे निघाली ते विचारलं नाही. उगाच लक्ष विचलित होतं.

३० मार्च, संध्या. ६.५५
शांतपणे लिहितो.

घुबड ही बाई निघाली. वयस्कर आवाज, अजिबात घाई नाही. म्हणाली, सुरू करा, मी मधे बोलणार नाही. उड्डाण ठीक. वळण ठीक. उतरायला लागलो. काट्यावर उंची अगदी हवी तेवढी. खाणीच्या बरोबर चारशे फूट वर. आयुष्यातलं सर्वोत्तम वळण घेतलं. आणि स्क्रीन काळी.

ओरडलो, की बिघाड आहे, मी चारशे फूट वर होतो. ती म्हणाली, नाही, तुम्ही खाणीच्या आत होता. उंचीच्या काट्याला उतरायच्या गावचा हवेचा दाब घालावा लागतो, नाहीतर काटा चुकीची उंची दाखवतो. तुम्ही घातलाच नाही. उतरायला लागलं की पहिली गोष्ट असते ती.

मी म्हटलं, बाकी सगळं बिनचूक होतं की नाही? ती म्हणाली, होतं, फार सुंदर वळण घेतलंत. मी म्हटलं, मग एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी एखाद्याला नापास करतात का? ती म्हणाली, हो.

मी स्वतः परीक्षक असल्याचं पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, मग तुम्हाला समजेल. आणि गेली. अशी माणसं अधिकाराच्या जागेवर बसवतात, म्हणून सगळीकडे हा गोंधळ आहे.

निर्णय: घरी सांगायचं, पास. पास झालोच होतो, दाब सोडला तर. कमी बोलायचं. चेहरा थकलेला पण समाधानी. आरशासमोर दोनदा करून पाहिला.

३१ मार्च, सकाळी ९.३०
काल दोघी उशिरा आल्या. आज चेहरा करून बाहेर आलो तर दाराशी टेम्पो. दोन हमाल डायनिंग टेबल तिरपं करून जिन्यावरून उतरवत होते.

मुलीने औषधांच्या दुकानावरची जागा घेतलीय. पुढे पेशंट, मागे राहायला एक खोली. पंचवीस तारखेलाच जाऊन ठरवून आली. मी म्हटलं, पण परीक्षा तर काल होती. ती म्हणाली, बाबा, तू पास झाला असतास तरी खोली तुझी, आणि नापास झाला असतास तरी काहीतरी कारण काढून तुझीच. मग थांबून काय करायचं होतं? रागाने नाही म्हणाली. गाडीची वेळ सांगावी तसं म्हणाली.

बायको तिच्याबरोबर जातेय. बस्तान बसेपर्यंत, असं म्हणाली. बस्तान बसायला किती दिवस लागतात ते सांगितलं नाही. चार दिवसांचं जेवण डब्यांत भरून ठेवलंय, डब्यांवर चिठ्ठ्या आहेत.

पास की नापास, हे कुणी विचारलं नाही. जिन्यात उभा राहून मी आपणहून सांगितलं, पास झालो. मुलगी टेबलाचा पाय भिंतीला लागू नये म्हणून मधे हात धरून उभी होती. म्हणाली, अरे वा, जरा बाजूला हो बाबा.

२ एप्रिल
खोली माझी. कायमची. जे ठरलं होतं तेच झालं. बाहेरची खोलीही माझी, स्वयंपाकघरही माझं. कुठेच आवाज नाही. स्पीकर पूर्ण वाढवला, शेजारीही आले नाहीत. टेबल नसल्यामुळे ओट्याशी उभा राहून जेवलो. दोघींचा राग येतो. एकीने तरी भांडून जायचं होतं.

४ एप्रिल, संध्या. ५.५०
उतरलो.

दरीत. क्रॅश चालू, दाब घातलेला, खाण ओलांडून, उजवं वळण, चाकं बरोबर मधल्या रेषेवर. स्क्रीन काळी झाली नाही. खरंखुरं लँडिंग, पहिलं. खुर्चीतूनच बायकोला फोन लावला.

मुलीने उचलला. म्हणाली, आई पेशंटना आत सोडतेय, फार गर्दी आहे. काही अर्जंट आहे का बाबा?

मी म्हटलं, नाही. अर्जंट काही नाही.

तिने फोन ठेवला. विमान धावपट्टीच्या मधोमध उभं होतं, इंजिनं चालू. टॉवरमधली कॉम्प्युटरची बाई सारखी सांगत होती, धावपट्टी ताबडतोब रिकामी करा, तुमच्या मागे विमान आहे. मी मागचा कॅमेरा लावून पाहिला. मागे कुणीही नव्हतं.