ती बूट का काढतेय?

बाबा, रविवार, १७ डिसेंबर १९७८, दुपारी चार वाजून वीस मिनिटं. वेळ पाठ आहे, कारण हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून तुम्ही अंधार केला होता, आणि कागद वाचायला दिलेल्या टॉर्चचा उजेड माझ्या मनगटावरच्या घड्याळावर पडत होता. बी.ए. झाल्यावर तुम्हीच दिलेलं घड्याळ. त्या मिनिटाला देवासच्या आपल्या मराठी मंडळात, भरल्या हॉलसमोर, मी माइकवरून एक खोटं बोलले, आणि ते तुम्ही लाल पेन्सिलीनं लिहून दिलेलं होतं. बत्तीस वर्षं शिक्षण खात्यात मी लोकांकडून लेखी खुलासे मागवले. तुमच्याकडून मागवायचा तेवढा राहिला. तुम्हाला जाऊन एकोणतीस वर्षं झाली, ही सबब मी ऐकून घेणार नाही.

सिनेमा जर्मन होता, विनोदी. इंदूरहून पत्र्याच्या डब्यांतून रिळं यायची, सोबत संवादांचा टाइप केलेला इंग्रजी कागद. मंडळातल्या बायकांना इंग्रजी येत नसे, तेव्हा मला कॉन्व्हेंटमध्ये घातल्याचा काही उपयोग व्हावा म्हणून मी माइकवर बसून मराठीत सांगायचं, ही तुमची पद्धत. आदल्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात मेथी निवडतेय आणि तुम्ही पाटावर बसून कागद तपासताय. गोष्ट साधी. नवं लग्न, नवरा पोरकट, बायको वैतागलेली. एक दिवस ती पेटी उचलून मैत्रिणीच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत जाते. मैत्रीण दार उघडते आणि म्हणते, "ये, बूट काढ, हवे तितके दिवस राहा." तिथे तुमची पेन्सिल थांबली.

"असं नाही सांगायचं. मैत्रीण समजूत घालून तिला परत पाठवते, असं सांग."

"पण बाबा, ती परत जात नाही."

"हॉलमध्ये लेकीसुना बसतात. आणि जीभ आवर. नन्सनी हेच शिकवलं का?"

आई मान वर न करता म्हणाली, "लेकीसुनांना डोळे पण असतात म्हणावं." तुम्ही ऐकलं नाहीत.

तिसऱ्या रांगेत माझी मैत्रीण होती. तुम्हाला ती आठवेल, शाळेत असताना आपल्याकडे जेवून जायची. आई लहानपणीच गेलेली, भाऊ-वहिनीच्या घरात पाहुण्यासारखी वाढलेली. धारला जुन्या मानकरी घराण्यात तिला दिलं होतं, आणि दत्तजयंतीचं निमित्त करून ती चार दिवस आली होती. गुरुवारी देवीच्या टेकडीच्या पायऱ्या उतरताना तिनं सांगितलं, "अगं, ते माझ्याशी बोलतच नाहीत. सात महिने झाले. पाणी हवं असलं की भांडं वाजवतात." मी हसले. खरंच हसले. ती म्हणाली, "हस तू. मला तर आता मंदिरातली घंटी वाजली तरी उठून उभी राहावंसं वाटतं." खाली आल्यावर म्हणाली, "तुझ्या खोलीत राहू का मी? नोकरी लागेपर्यंत. कुठेही शिकवीन, टोंकखुर्दच्या शाळेत जाऊन-येऊन करीन." मी म्हटलं, बाबांना विचारते. शनिवारी तिला सांगितलं, बाबा नाही म्हणाले.

तर रविवारी चार वीसला पडद्यावर ते दार उघडलं. मी तुमचं वाक्य वाचलं, "मैत्रीण म्हणते, झालं गेलं विसर आणि आपल्या घरी जा." पडद्यावर बाई खाली बसून बुटाचे बंद सोडतेय. मागून कुणी काकू ओरडल्या, "घरी जा म्हणतेय ना? मग ती बूट का काढतेय?" मी म्हटलं, "चहा घेऊन जाणार आहे." हॉल हसून लोटपोट. प्रोजेक्टरवाल्याने मागून विचारलं, "दीदी, पेटी भी चाय पिएगी क्या?" पुन्हा हशा. तिसऱ्या रांगेत ती मात्र हसत नव्हती. मान वळवून ती पडद्याकडे नाही, माइककडे बघत होती. पुढची अर्धी रिळं मी त्या बाईला कुठल्या कुठल्या मावशीकडे धाडत राहिले, आणि शेवटी घरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी तिला धारच्या बसमध्ये बसवायला मी गेले. खिडकीतून म्हणाली, "गेलीच ना शेवटी ती घरी? तिला जमलं तर मलाही जमेल." मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी तिच्या हातात पेरू ठेवले.

गेल्या महिन्यात ती गेली. तेराव्याला मी धारला गेले. लोक चांगलं बोलत होते. तिचं शब्दानं कधी कुणाला दुखावणं नाही, वगैरे. बोलायला होतं कोण, हे कुणी म्हणालं नाही. तिचा नवरा ओसरीवर खुर्चीत, आता ऐंशीच्या घरातला. पंगत चालू असताना त्याने शेजारचं पितळी भांडं अंगठीनं वाजवलं. टण टण. आतून सून पाणी घेऊन आली. मी पानावरून उठले. जेवण टाकून उठू नये हे मला तुम्ही शिकवलं आहे, तरी उठले.

इंदूरच्या भाचीनं तो सिनेमा मला कंप्युटरवर शोधून दिला. मी पुन्हा पाहिला. नवरा रोज चार मजले चढून येतो, धापा टाकतो, आणि दोघी आतून कडी न काढता त्याला बोलायला लावतात. आधी नीट बोल, मग बघू. भाची पोट धरून हसत होती. बाबा, सगळा विनोद तिथेच होता. तो तुम्ही कापलात.

इथवर लिहून मी दोन दिवस कागद झाकून ठेवला होता. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा खरं लिहायला हरकत नसावी. त्या चार वीसला तुम्ही हॉलमध्ये नव्हतात, बाहेर चहाच्या बंबापाशी होतात. मी खरं सांगितलं असतं तर मला कोणी अडवणार नव्हतं. पण तिथे "ये, राहा" म्हटलं असतं तर तिसऱ्या रांगेला ते माझ्याच तोंडून ऐकू गेलं असतं. माझी खोली लहान होती, आणि पहिल्यांदाच ती माझी एकटीची झाली होती. आणि त्या शनिवारी मी तुम्हाला काही विचारलंच नव्हतं. तुम्ही नाही म्हणाला नव्हतात. तुमच्या नावावर ते मी खपवलं.

म्हणून आता विचारते, सत्तेचाळीस वर्षं उशिरा. बाबा, माझी मैत्रीण माझ्या खोलीत राहू का म्हणते आहे. नोकरी लागेपर्यंत. हो की नाही, एवढंच, स्वतःच्या हातानं, लाल पेन्सिल चालेल, येत्या दत्तजयंतीला दुपारी चार वाजून वीस मिनिटांच्या आत मला लेखी कळवा.