टाचणीबाईला काय शिक्षा द्यावी?

ती. आत्या,

दोन्ही हात जोडून, आणि पत्र आहे म्हणून सुरक्षित अंतरावरून, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? चष्म्याचा नवा नंबर मानवला का? आतोबांचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. बायको आणि मुलगी खरोखरच आहेत, माझं काय ते पुढे कळेल. तीन महिने झाले, तुझा फोन नाही. मी केला तर आतोबा उचलतात आणि तू शिवणवर्गात आहेस म्हणून सांगतात. रविवारीसुद्धा! रविवारी तुझा वर्ग नसतो हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण शाळेसाठी तुझ्याकडे राहिलो त्या तीन वर्षांत दर रविवारी तू मला काजं करायला बसवायचीस. तेव्हा तू रागावली आहेस हे उघड आहे, आणि नुसत्या त्या कल्पनेनं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, दोन माणसं पोसणाऱ्या गृहस्थाचे हातपाय गार पडले आहेत. तुझी धाकटी लेक कशी आहे? तिला माझी आठवण सांग. (म्हणजे सांगू नकोस. किंवा सांग, पण मालिकेचा विषय काढू नकोस.)

विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करतो. मी जिचे संवाद लिहितो त्या मालिकेतली टाचणीबाई म्हणजे तू नव्हेस. टाचणीबाई कपड्यांचा कारखाना चालवते, तू शिवणवर्ग चालवतेस. ती डावखुरी आहे. तिच्या चष्म्याच्या काड्या सोनेरी आहेत, तुझ्या काळ्या, आणि ती तुझ्याहून चांगली चार बोटं उंच आहे. आता, तिच्या ओठांत सदानकदा टाचण्या असतात, ती पाऊल न वाजवता मुलींच्या मागे येऊन उभी राहते, शिवण बोटानं चाचपते आणि एकच शब्द बोलते, ‘उसव’, एवढं थोडंफार जुळतं, मान्य. (तू एकच शब्द का बोलायचीस हे मला गेल्या महिन्यात कळलं. मी स्वतः आरशासमोर ओठांत आठ टाचण्या धरून पाहिल्या. त्याहून जास्त बोलता येतच नाही. लहानपणी मला वाटायचं की तुला आम्ही आणखी एका शब्दाच्याही लायकीचे वाटत नाही. खरं कारण कळलं तेव्हा छप्पन्न भाग दाखवून झाले होते.)

हा शब्द असा मोकाट सुटेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. बँकेतली बाई फॉर्म परत सरकवताना ‘उसव’ म्हणते. चुकीच्या जागी लावलेल्या गाडीवर काठी आपटून हवालदार ‘उसव’ म्हणतो. सुरुवातीला मी कॉलर ताठ करून फिरलो, खोटं कशाला बोलू? मग एका दुपारी आमची सहा वर्षांची कन्या बाहुल्या ओळीनं मांडून बसलेली दिसली. तिनं एकेकीचा फ्रॉक तपासला, तिसऱ्या बाहुलीशी थांबली, शब्द उच्चारला, आणि तिला उचलून माझ्या टेबलाच्या खणात घालून खण बंद केला. मी विचारलं, हिनं काय केलं गं? कन्या म्हणाली, काही नाही, पण कुणालातरी घालावंच लागतं ना. 

खण का, ते सांगायला हवं. बासष्टाव्या भागात टाचणीबाई कारखान्यातल्या नव्या मुलीला तागे ठेवायच्या कपाटात कोंडते, बाहेरून कडी घालते आणि दुपारभर शांतपणे काजं करत बसते. (हा प्रसंग संपूर्ण काल्पनिक आहे.) हा भाग लोकांनी डोक्यावर घेतला. आतल्या मुलीचं बोलणं ऐकून माणसं रडली, वर्तमानपत्रानं त्या संवादांची तारीफ केली, आणि दुसऱ्या दिवसापासून टाचणीबाईचं काम करणाऱ्या बाईंचं जिणं अवघड झालं. अत्यंत गरीब स्वभावाच्या बाई आहेत, घरच्या मांजरालासुद्धा अहोजाहो करतात. औषधाच्या दुकानात त्यांना खोकल्याचं औषध मिळालं नाही; दुकानदार म्हणाला, आधी त्या पोरीची माफी मागा. त्यांनी मागितलीही! दुकानात ती पोर नव्हतीच, तरी हात जोडून मागितली, आणि औषध न घेताच घरी गेल्या. आता त्या चित्रीकरणाला तोंडावर ओढणी घेऊन मागच्या दारानं येतात, आणि मला बघितलं की विचारतात, माझी सुटका कधी होणार हो?

सुटका कसली? वाहिनीच्या वरच्या मजल्यावर एक मॅडम बसतात. त्यांनी जाहीर करून टाकलं की टाचणीबाईला काय शिक्षा द्यावी हे प्रेक्षकांनी ठरवावं. आत्या, मी ते सगळे मेसेज आणि पत्रं वाचली, कारण तेच माझं काम आहे, आणि तेव्हापासून मला रस्त्यानं चालताना लोकांची भीती वाटते. एकीनं लिहिलं, बाईचे ओठ शिवून टाका. (दोऱ्याचा रंगही सुचवला होता.) एकानं तिची बोटं मशीनच्या सुईखाली धरायला सांगितली आणि खाली आपला नम्र असं लिहिलं. निवृत्त न्यायाधीशांचं चौदा पानी निकालपत्र आलं, त्यात आरोपीला बोलू देण्याची गरज नाही हे पहिल्याच पानावर होतं. सगळ्यात भयंकर सूचना बालवाडीच्या शिक्षिकेची होती, ती मी लिहीत नाही. ही सगळी माणसं गरीब, दुबळ्या मुलीची बाजू घेऊन बोलत होती, आत्या. लिफ्टमध्ये माझ्या शेजारी उभी असतात तीच. शेवटी सर्वात जास्त मतं पडली ती अशी: बाईला त्याच कपाटात कोंडा, आणि आठवडाभर रोज दाखवा.

मी विरोध केला. हसू नकोस, केला! प्रसंग थोडा बदलून सहा पानं लिहिली (काय बदललं ते आत्ता महत्त्वाचं नाही) आणि बैठकीत मॅडमसमोर ठेवली. लांबलचक टेबल, अकरा माणसं, आणि खोलीत इतका गारठा की चहावर साय धरलेली. मॅडमनी पानं वाचली, माझ्याकडे सरकवली, चष्मा खाली ओढला आणि म्हणाल्या, ‘उसव.’ अकराच्या अकरा जण खदाखदा हसले. मीही हसलो. हसलो नसतो तर न हसणारा बारावा कोण ते सगळ्यांना कळलं असतं. बाहेर येऊन जिन्यात बसलो, आणि तो शब्द मीच घडवून, पॉलिश करून बाजारात आणला होता.

आता मूळ मुद्दा. आतोबांच्या तोंडून परवा निसटलं की तुझ्या वर्गातल्या तिघींनी नाव काढून घेतलं, आणि गल्लीतली मुलं तुझ्या दारावरून जाताना दबक्या आवाजात टाचणीबाई म्हणतात. एकीच्या आईनं तर येऊन विचारलं म्हणे, तुमच्याकडे कपाट आहे का? चाळीस वर्षांत तू कुणावर हात उगारला नाहीस. गुरुवारी शिक्षेचा पहिला भाग आहे. त्यानंतर उरलेल्या नऊ जणीही गेल्या तर तू काय करशील, हा विचार मनातून जात नाही. मला क्षमा कर असं लिहिलं तर ते संवादासारखं वाटेल, म्हणून लिहीत नाही. वाट बघतो आहे. आतोबांना नमस्कार.

तुझा,
घाबरट भाचा

ता. क. गुरुवारी टीव्ही लावू नकोस. आतोबा हट्ट करतील, तर वायर काढून ठेव. आणि धाकटीनंही तो भाग बघू नये असं काहीतरी कर. तिला कामाला लाव, फिरायला ने.

आणखी एक ता. क. मी बदलून काय नेलं होतं ते सांगतो. कोंडणारी बाई नव्हतीच, तिच्याकडे शिकायला राहिलेला अकरा वर्षांचा भाचा होता, असं लिहिलं होतं. मॅडम म्हणाल्या, लोकांनी मत बाईला दिलंय, भाचा कुणाला हवाय? तुला ती दुपार आठवते का? तू कापड आणायला गेली होतीस. त्या दिवशी तू धाकटीची शिवण सरळ आली म्हणालीस आणि माझी उसवायला लावलीस. सात वर्षांची होती ती. कडी मी घातली. तू परत आलीस तेव्हा दार आपोआप लागलं असं मीच सांगितलं, आणि धाकटी माझ्याकडे बघून गप्प राहिली. तू त्याच संध्याकाळी कपाटाची कडी काढून टाकलीस. माझं कृत्य मी तुझ्या चष्म्यासकट, टाचण्यांसकट तुझ्या अंगावर घातलं, आणि आता लोक तुला शिक्षा देताहेत.

शेवटचा ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं, कारण आत्ताच धाकटीचा फोन आला. तिनं बासष्टावा भाग पाहिला आहे. आवाज अगदी शांत होता. म्हणाली, ‘दादा, मला सगळी वर्षं वाटत होतं की तू कडी घालून खेळायला गेलास. मी काय काय बोलले ते तुला ऐकूच गेलं नसेल असं समजून मी तुझ्यावर रागावले नाही. पण ती मुलगी आतून जे बोलते ना, डांबरगोळ्यांच्या वासाचं, आणि मी आता शहाण्यासारखं वागेन म्हणते ते, ते शब्दन् शब्द माझे आहेत रे.’ मग म्हणाली, रविवारी येते. आत्या, गुडघे दुखत असले तरी तूही तिच्याबरोबर ये. मला तिच्यासमोर एकट्यानं बसायची भीती वाटते.