केक अजून खाल्लेला नाही

एल्क फोर्ड, आयोवा
मार्च १८५८

चिरंजीव थर्झा ट्विचेल हिस,

असाहेलमामाचे आशीर्वाद. मी इथे खुशाल आहे. म्हणजे गुडघे, डोळे आणि वर्गणीदार सोडले तर तक्रारीला जागा नाही. तुझ्या आईचा खोकला कसा आहे? तिने विणलेले हातमोजे पोचले म्हणून सांग. दोन्ही डाव्या हाताचे निघाले, पण उबेला डावं-उजवं कळत नाही, त्यामुळे मी उजवा हात उलटा घालून हिवाळा काढला. (हे सांगू नकोस. नुसतं पोचले म्हण.)

तुझं पत्रही पोचलं. सोबत तुझ्या लग्नाची आगाऊ लिहिलेली बातमी, तारखेपुरती जागा कोरी ठेवून, आणि मेणकापडात गुंडाळलेला केकचा तुकडा. संपादकाची भाची शोभतेस खरी! लग्नाची बातमी छापून हवी तर छापखान्याला केक द्यायचा, आणि छापखान्याने केक खाल्ला की बातमी छापायचीच, हा आमच्या धंद्याचा रिवाज. बाकी आम्ही काय काय छापतो ते जाऊ दे, पण केकच्या बाबतीत आजवर कुणाशी बेइमानी केली नाही. म्हणूनच तुझा केक टेबलावर जसाच्या तसा पडून आहे. रोज उघडतो, वास घेतो, पुन्हा बांधतो. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, तेव्हा हे किती गंभीर प्रकरण असेल ते तूच ओळख. कारण एकच, बातमीतल्या नवरदेवाचं नाव: ओबेद टार्बॉक्स.

माझा गैरसमज करून घेऊ नकोस. माणूस वाईट नाही. पीक काढून झाल्यावर तो इथून तुमच्या गावी आला, चर्चमध्ये गायला, टोपी छातीशी धरून बोलला, डोळ्यांत पाणी आणलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. तो पीत नाही, हात उगारत नाही, खेचरालासुद्धा शिवी देत नाही. त्याच्या बायका मरतात, एवढंच. आपण विधुर आहोत हे त्याने तुला सांगितलं असेलच. कितव्यांदा, ते विचारलंस का?

पहिली तापाने गेली. दुसरी बाळंतपणात गेली, पण त्याआधी सबंध उन्हाळा तापाने फणफणत होती. टार्बॉक्सचं घर दलदलीच्या काठावर आहे, आणि पाणी त्याच दलदलीतलं. डॉक्टरने पहिल्याच वेळी सांगितलं की वर टेकाडावर विहीर खण. टार्बॉक्सने मान डोलावली. दुसऱ्या वेळी डॉक्टर ओरडला, टार्बॉक्सने पुन्हा मान डोलावली, आणि म्हणाला, "पेरणी होऊ दे, मग बघू." इकडे आयोवात पेरणी कधी संपत नाही, पोरी. पेरणी संपली की कापणी, कापणी संपली की जमीन गोठते, आणि गोठलेल्या जमिनीत विहीर खणणाऱ्याला लोक वेड्यात काढतात.

तिसरी लोव्हिना. ती माझ्याकडे छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला होती. इतकी चपळ जुळारी मी पाहिली नाही. माझं अक्षर तिला लागायचं, जे मला स्वतःला लागत नाही. स्वतःच्या लग्नाची बातमी तिने स्वतःच जुळवली, आणि उलटी अक्षरं वाचून हसत सुटली. म्हणाली, "मामा, उलटीकडून वाचलं तर मीच त्याला पळवून नेलंय असं वाटतं." (सगळं गाव मला मामाच म्हणतं, तुझी मक्तेदारी नाही.) तिचा केक मी एकट्याने संपवला. बातमीखाली आमची नेहमीची ओळ टाकली: 'केकबद्दल छापखाना आभारी आहे. असे योग वारंवार येवोत.'

दीड वर्षाने तिच्या मृत्यूची बातमी आली. तापच. आता, टार्बॉक्सकडच्या मृत्यूची जुळवलेली बातमी मी पहिल्या बायकोपासून सोडवून, खिळे सुटे करून टाकलेली नाही. दोऱ्याने बांधून फळीवर ठेवलेली असते. 'श्री. टार्बॉक्स यांच्या प्रिय पत्नी', खाली चार ओळींची कविता, तारीख तेवढी बदलायची. भोवतालच्या रेघा उलट्या बसवल्या की दुखवट्याच्या जाड काळ्या उमटतात. त्या दिवशी माझ्या डोळ्यांना धड दिसत नव्हतं. रडत होतो, लपवायचं काय त्यात. फळीवर शेजारीच ठेवलेली आभाराची ओळ त्यात कशी सरकली ते मला कळलं नाही. काळ्या चौकटीत, लोव्हिनाच्या बातमीखाली, सगळ्या तालुक्याने वाचलं: असे योग वारंवार येवोत.

पाद्रीबुवांनी माझ्यावर अख्खं प्रवचन केलं. लोहाराची बायको रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागली. आणि शुक्रवारी दारात टार्बॉक्स उभा, हातात अंक. मी चष्मा काढून ठेवला, म्हटलं मार तरी नीट खावा.

"असाहेलभाऊ, चूक झालीय," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या नावापुढे मानाचं एस्क्वायर लावायचं राहिलंय."

मी म्हटलं, दुरुस्ती छापतो. आणि त्या भरात म्हणालो की दुरुस्ती करतोच आहोत तर तिचंही नाव घालू, लोव्हिना म्हणून.

त्याने खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून, मन लावून. मग म्हणाला, "नको. एस्क्वायर कायम चालेल. नाव घातलंत तर पुढच्या वेळी पुन्हा जुळवत बसावं लागेल तुम्हाला."

त्याला माझ्या कष्टांचीच काळजी होती, थर्झा. म्हणून तर अंगावर काटा येतो.

आज माझ्यासमोर दोन बातम्या आहेत. एक तुझ्या हातची, तारखेची जागा कोरी. दुसरी फळीवरची, तिचीही तारखेची जागा कोरी. काल मुद्दाम घोडा घेऊन त्याच्या घराकडे जाऊन आलो. टेकाडावर विहीर नाही. येऊ नकोस. त्याला नाही म्हणून कळव.

तुझा,
असाहेलमामा

ता.क. हे पत्र आईला दाखवू नकोस. तिला त्याचा आवाज आवडतो.

दुसरा ता.क. मामाचा यात स्वार्थ आहे असं तू म्हणशील. आहेच. लोव्हिनाचं स्टूल रिकामं आहे, आणि गेल्या आठवड्यात मी 'वधू'च्या जागी 'वध' छापून बसलो. मी गावात राहतो, आमचं पाणी विहिरीचं आहे. तेव्हा आयोवाला यायचं नाही असं नव्हे. यायचं ते माझ्याकडे.

तिसरा ता.क. आमच्या पेपरात बाईचं नाव आलंच तर लग्नाला किंवा मरणाला येतं. पण शेवटच्या पानावर तळाशी, अंक जुळवणाऱ्याचं नाव छापतात, ती जागा मोकळी आहे. आज तिथे 'थर्झा ट्विचेल' जुळवून पाहिलं. 'झ' कधी लागत नाही, त्यामुळे कोरा करकरीत निघाला. बाकीची अक्षरं कमी पडली, म्हणून फळीवरची टार्बॉक्सची बातमी सोडवली आणि त्यातून काढली. आता ती पुन्हा जुळवायची तर आधी तुझं नाव मोडावं लागेल. मी मोडणार नाही. तूही मोडू नकोस.