मोरचुदाचा डाग

अण्णा,

तुमच्या फोटोशी मी बोलत नाही. धाकटा बोलतो. घराबाहेर पडताना तो हार सरळ करतो आणि "येतो अण्णा" म्हणतो, आणि आईला त्याचं फार कौतुक आहे. मला ते कधी जमलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मला तुमच्याशी जे बोलायचं आहे ते आईच्या देखत बोलण्यासारखं नाही. म्हणून आज दुपारी ऑफिसचं दार लावून हे लिहायला बसले आहे.

तुम्हाला माहीत नसेल, पण आता मीही तुमच्यासारखं पोहण्याच्या टँकचंच काम करते. लोक आता टँक म्हणत नाहीत, पूल म्हणतात, पण माझ्या तोंडून अजून तुमचाच शब्द निघतो. तुम्ही गेलात तेव्हा मी बोम्मसंद्राला एका कारखान्यात पाण्याचे नमुने तपासत होते. तुमच्यामागे धाकट्याने दोनतीन वर्षं तुमचं काम कसंबसं चालवलं, मग यशवंतपूरचं दुकान विकून टाइल्सच्या धंद्यात गेला. ते त्याने बरंच केलं. त्याला क्लोरीनच्या वासाने लहानपणापासून धाप लागायची, आणि गंजाचा डाग आणि पानाचा डाग यातला फरक त्याला शेवटपर्यंत कळला नाही. तरी दुकान त्यालाच दिलंत. मी नोकरी सोडली, एक जुनी व्हॅन घेतली आणि एकेक व्हिला धरत गेले. आज हाताखाली माणसं आहेत. हे तुम्हाला ऐकवायची मला किती हौस आहे, हे लिहितानाच माझ्या लक्षात येतंय, आणि त्याचा राग येतोय.

कारण काम मला तुम्हीच शिकवलंत. धाकटा आजारी, दुकानातला माणूस रविवारी यायचा नाही, म्हणून रविवारी सकाळी स्कूटरच्या मागे मी, मांडीवर बादली, बादलीत ब्रश आणि लिंबूसत्त्वाची पिशवी. बंगल्यात गेलं की तुम्ही मला टँकच्या काठावर उभी करायचात आणि स्वतः हाताची घडी घालून मागे उभे राहायचात.

"काय दिसतं?"

"तपकिरी डाग आहेत."

"रंग नको सांगूस. कुठे आहेत ते सांग."

मग मी बघायची. डाग गुलमोहराच्या खालच्या कोपऱ्यात असतील, कडांना पानाचा आकार असेल, तर तो झाडाचा. त्यावर स्वल्प ब्लीचिंग पावडर टाकली की बघता बघता फिका पडतो. सगळ्या टँकभर चहा सांडल्यासारखी पिवळट झाक असेल, पाणी आत येतं त्या तोंडाशी जास्त असेल, तर ते बोअरच्या पाण्यातलं लोखंड. त्यावर ब्लीचिंग टाकलं तर उलट गडद होतं. तिथे औषधाच्या दुकानातली व्हिटॅमिन सीची गोळी दाबून धरायची, खाली पांढरा गोल उमटला की खात्री. एकच ठिपका, कितीही घासला तरी त्याच जागी परत येणारा, म्हणजे सिमेंटच्या आतली सळई गंजली. तिथे औषध नाही, फोडूनच काढायचं. आणि हिरवट निळा, पायऱ्यांवर बसलेला आणि जुना झाला की काळपट पडणारा, तो तांब्याचा. जुन्या मोज्यात लिंबूसत्त्व भरून तुम्ही तो डागावर ठेवायचात आणि मला म्हणायचात, "आता हात लावू नको. त्याला त्याचं काम करू दे." माझं बरोबर आलं की तुम्ही मान हलवायचात, एवढंच. त्या एका मान हलवण्यासाठी मी आठवडाभर रविवारची वाट बघायची, अण्णा.

जुन्या व्हाइटफील्डमधला तो बंगला तुम्ही विसरला नसाल. कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेले साहेब, पोर्चमध्ये दोन कुत्री, मागे पांढऱ्या सिमेंटचा मोठा टँक. आणि तिथला माळी. मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहायची. तुम्ही पंपाशी खटपट करत असताना ती मला आलं घातलेलं ताक द्यायची, आणि तो पेरू काढून द्यायचा. मूल नव्हतं त्यांना. "नम्म हुडुगी बंदळु," म्हणायचा तो मला बघून, आमची पोर आली. त्या वर्षी उन्हाळ्यात टँक शेवाळून हिरवागार झाला होता आणि साहेबांकडे लग्नाचे पाहुणे येणार होते. तुम्ही घाईत शेवाळ मारायला मोरचूद आणलंत, म्हणजे तांब्याचंच मीठ. मी बादलीत ते निळे खडे विरघळवत होते, तुम्ही ओतत होतात, आणि मी विचारलं होतं, इतकं लागतं का? तुम्ही म्हणालात, लागतं. मग पाणी आंबट झालं म्हणून वर सोडा टाकलात. शेवाळ मेलं. पुढच्या रविवारी आपण गेलो तेव्हा सगळ्या पायऱ्या आणि अर्धा तळ निळ्या-हिरव्या डागांनी भरला होता.

साहेब काठावर उभे होते, शेजारी माळी. तुम्ही खाली वाकून डागावर बोट फिरवलंत. मी तुमच्याकडे बघत होते, आणि मला आठवतंय, मला काळजी वाटत नव्हती. मला वाटलं, आता अण्णा सांगतील की आमचं औषध जास्त झालं, उतरवून देतो, आणि आपण मोजे भरायला लागू.

तुम्ही उठलात आणि साहेबांना विचारलंत, "गुलाबावर फवारणी कोण करतं?"

"हाच," साहेब म्हणाले.

"मोरचूद आणि चुन्याचं पाणी मारतो. पंप आणि बादल्या इथेच धूत असणार. हे सगळं त्याचं आहे."

माळ्याला आधी कळलंच नाही. साहेबांनी त्याला कानडीत विचारलं तेव्हा तो हसला, गंमत आहे असं समजून. मग त्याचा चेहरा बदलला. "नानल्ला स्वामी," तो म्हणाला, मी नाही. "मी फवारणीचं सगळं मागच्या नळावर धुतो." ते तो साहेबांना सांगत होता, पण बघत होता तुमच्याकडे. मी म्हणाले, "अण्णा, मोरचूद तर आपणच..."

"तू बादली धर," तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. रागाने बोलला असतात तर मी पुढे बोललेही असते कदाचित. पण तुम्ही इतक्या शांतपणे म्हणालात की मी बादली धरली. मग तुम्ही साहेबांकडे वळून हसलात. "शाळेत चार प्रयोग केले की यांना सगळं कळतं असं वाटतं."

पुढच्या खेपेला मागच्या खोलीला कुलूप होतं. साहेबांच्या स्वयंपाकिणीने सांगितलं, नवराबायको ट्रंक रिक्षात घालून गेली, कुठे ते माहीत नाही. आपण डाग उतरवले. पाण्यातलं क्लोरीन खाली येऊ दिलं, एकेका पायरीवर मोजे ठेवले, ब्रशने घासलं, सुटलेलं तांबं परत बसू नये म्हणून अर्धं पाणी काढून नवं भरलं. तुमचं काम चोख होतं. साहेबांनी खूश होऊन आणखी दोन बंगले मिळवून दिले. परत येताना मी स्कूटरवर रडत होते आणि तुम्हाला ते पाठीवर कळत होतं. सिग्नलला थांबल्यावर तुम्ही मागे न बघता म्हणालात, "माळ्यांना काय, कुठेही काम मिळतं. आपलं एक गिऱ्हाईक गेलं तर त्याच्या ओळखीचे सगळे जातात. मोठी झालीस की कळेल."

त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही मोरीत लिंबाच्या फोडीने नखं घासत बसला होतात, नखांच्या कडेला निळं राहिलं होतं म्हणून. आईने विचारलं, आज हिचं तोंड का उतरलंय? तुम्ही म्हणालात, "यापुढे हिला कामावर नेणार नाही. मोठी झाली आता, लोकांच्या टँकमध्ये उतरलेली बरी दिसत नाही." आईला ते पटलं. घरात सगळ्यांनाच पटलं. मी वयात आले होते, कारण तयार होतं, कुणाला शंका यायचं काही नव्हतं. पण आदल्या रविवारपर्यंत तेच वय होतं ना माझं, अण्णा? तेव्हा बरी दिसत होते. तुम्हाला माझे पाय पाण्यात नको होते असं नाही, तुम्हाला माझे डोळे नको होते. पुढच्या रविवारी खोकणाऱ्या धाकट्याला घेऊन गेलात. नंतर आत्याने एकदा विचारलं, पोरगी हुशार आहे, तिला का नाही शिकवत? तेव्हा तुम्ही माझ्यासमोर म्हणालात, "तिला तोंड फार आहे." मी आयुष्यभर त्या वाक्याला उत्तर देत आले आहे. बी.एस्सी. केलं ते त्या वाक्याला, नोकरी केली ती त्याला, व्हॅन घेतली तीही. तुम्ही दवाखान्यात शेवटचे पडून होतात तेव्हा मी रोज पेज घेऊन येत होते आणि रोज वाटत होतं, आज काही म्हणतील. तुम्ही धाकट्याला दुकानाच्या किल्ल्या कुठे आहेत ते सांगितलंत.

आता गेल्या महिन्यातली गोष्ट. व्हाइटफील्डलाच, पण आता तिथे बंगले नाहीत, मेट्रोपलीकडे व्हिलांच्या रांगा आहेत. गिऱ्हाईक पुण्याची मुलगी आहे, आयटीतली. मी मराठी बोलते म्हणून मला "ताई" म्हणते आणि माझ्या मराठीतल्या कानडीला हसते. तिने फोन केला की पूलमध्ये डाग पडलेत, लगेच या. गेले. पायऱ्यांवर निळा-हिरवा थर. तांबं, विचारायची गरजच नव्हती. तरी मी पाण्यात कॅमेरा सोडून बघितलं, पाणी तपासलं, सगळं केलं, वेळ काढत. कारण मला तोवर कळलं होतं. तिकडचं बोअरचं पाणी जड म्हणून आम्ही दर आठवड्याला अॅसिड घालतो. प्रमाण मी ठरवलेलं. ते जास्त होत होतं, आणि त्याने तिच्या पूलच्या हीटरमधली तांब्याची नळी आतून खाल्ली होती; तेच तांबं पाण्यात उतरून पायऱ्यांवर बसलं होतं.

"ताई, मला माहितीये हे कशामुळे झालंय," ती म्हणाली. "आमची मेड देवाची तांब्याची भांडी त्या नळावर घासते, पूलच्या शेजारी. चिंच, मीठ, काय काय लावून. मी तिला वॉर्न केलं होतं. तुम्ही फक्त कन्फर्म करा, मी आज तिला काढूनच टाकते."

ती बाई स्वयंपाकघराच्या दारात पोछा हातात धरून उभी होती. मराठी तिला कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळत होतं. मी तोंड उघडलं आणि वाक्य तयार होतं. अख्खं, सोपं. हो, चिंचेने तांबं सुटतं, पाणी वाहून आत येतं. निम्मं खरंही होतं ते. तुम्हालाही असंच सुचलं असणार, मला त्या क्षणी दिसलं. ठरवून नाही, आयतं समोर आलं आणि तुम्ही उचललंत.

मी म्हणाले, "भांड्यांचा संबंध नाही. चूक आमची आहे. अॅसिड जास्त झालं, तुमचा हीटर आतून खराब झालाय. डाग मी काढून देते आणि हीटरचंही बघते."

तिचा चेहरा एकदम सभ्य झाला. "सरी," ती म्हणाली, ठीक आहे, इथे राहून शिकलेला तिचा एक कानडी शब्द. "थँक्यू फॉर बीइंग ऑनेस्ट." आम्ही डाग काढले. त्यानंतर तिचा मेसेज आला की त्यांनी दुसऱ्या कंपनीला काम दिलंय. रहिवाशांच्या ग्रुपवरही तिने लिहिलं असावं, कारण त्याच रांगेतली बाकीची कामंही एकेक करून गेली. परवा तिथल्या वॉचमनला मी सहज विचारलं, त्या घरातली बाई दिसत नाही? तो म्हणाला, तिला काढलं, मॅडमचा भरवसा राहिला नव्हता.

म्हणजे गिऱ्हाईक गेलं, त्याच्या ओळखीचे गेले, आणि तिची नोकरीही गेली. तुमचं एकूण एक बरोबर निघालं, अण्णा. यापेक्षा कडू मला तुम्ही दुसरं काही देऊ शकला नसतात.

हे धाकट्याला सांगितलं तर तो म्हणेल, अक्का, तू खरं बोललीस, अण्णांना अभिमान वाटला असता. त्याला काय माहीत. आईला सांगणार नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कुणाला सांगू शकत नाही. मी खरं बोलले ते त्या बाईसाठी नव्हे. ती दारात उभी होती एवढंच मी पाहिलं होतं. मला फक्त तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही.