एका हाकेला ओ

१४ डिसेंबर, रविवार. कुरखेडा, दिवेलागण.

त्या 'ओ'चंच डोक्यात आहे. काल निलेश आणि मी सातपुड्यात पॅराग्लायडिंग केलं. वर हवेत कुणीतरी "बेबी" अशी हाक मारली आणि मी ओ दिली. बेबी मी फक्त माहेरी. माझ्यासोबतचा पायलट म्हणाला, मी बोललोच नाही. व्हिडिओत नुसता वारा आहे आणि माझी ओ.

आज इथे सगळं खानदान जमलंय. हसतील म्हणून सांगितलं, तर आईचा हात पिठातच थांबला.

"किती हाका आल्या?"

"एकच."

"मंग ओ काऊन देल्ली? जंगलातलं एकदाच हाक मारते. दुसरी येऊ द्या लागते, मालूम नाई तुले?"

"थे कॉलेजात कुठी शिकवते!" काका म्हणाले. हसले तेवढे तेच.

भीती अज्ञानातून येते, असं दुपारीच चुलतबहिणींना समजावलं होतं. घरातली पहिली पदवीधर ना मी!

निलेश गाडीतून बॅग आणायला गेलाय. गाडी बांधापाशी, पलीकडे जंगल. आत्ताच त्याचा आवाज आला, "बेबी!" हे नाव त्याला आजच कळलंय. तोच असणार. नवऱ्याला ओ द्यायला कसली भीती?

बॅग जड असेल, मदतीला बोलावत असेल.

तरी मी दुसऱ्या हाकेची वाट बघतेय.