नोंद राहून गेलेलं मंडळ

३ जुलै १९८९, सोमवार
साक्रीचं शिक्षक शिबिर संपलं. शाळेत विद्यार्थी मंडळं काढायची आहेत. आमची शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोनच: पुष्पाबाई आणि मी. तरी पाच मंडळं काढतोय. विज्ञान, वक्तृत्व, बागकाम, वाचन, स्वच्छता. दर शनिवारी सभा. रजिस्टर मी स्वतः लिहिणार. तालुक्यात नाव होईल. होणारच.

८ जुलै, शनिवार
अध्यक्ष निवडले. वक्तृत्वाला सरपंचांचा मगन. आवाज खणखणीत असावा, अजून ऐकला नाही. चौथीतली मंदा कधीची हात वर करून बसलेली. म्हणाली, ‘‘गुरुजी, माले बी वक्तृत्वमा नाव देनं शे.’’ म्हटलं, आधी बोलणं शुद्ध कर. तिला स्वच्छतेत टाकलं. पोरं हसली. मीही थोडा हसलो. मुलांच्या भल्यासाठी शिक्षकाला कठोर व्हावं लागतं.

२२ जुलै, शनिवार
सभा झाल्या नाहीत. मागच्या शनिवारी मला तालुक्याला काम होतं, आज पाऊस. रजिस्टर मात्र भरलं, म्हणजे सवय मोडत नाही. विज्ञान मंडळात ‘पाण्याचे गुणधर्म’ यावर चर्चा झाली असं लिहिलं. झाली असती तर चांगलीच झाली असती.

५ ऑगस्ट, शनिवार
बागकामाची मिरची बकऱ्यांनी खाल्ली. वाचन मंडळाच्या पेटीची किल्ली सापडत नाही. वातावरणच नाही इथे.
मधल्या सुट्टीत निंबाखाली गर्दी. बघतो तर मंदा दगडावर उभी राहून कोल्ह्याची गोष्ट सांगतेय, चक्क अहिराणीत. पहिलीतली पोरंसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होती. उठवलं सगळ्यांना. पुष्पाबाई म्हणाल्या, ‘‘गुरुजी, रोज चालतं हे. रोज नवं पोरगं उभं राहतं. राहू द्या ना.’’ म्हटलं, मंजुरी नाही, नोंद नाही, असं मंडळ नसतं. पोरं पांगली. मंदा सगळ्यांत शेवटी खाली उतरली.
शिस्त लागली, हे महत्त्वाचं.

२८ ऑगस्ट, सोमवार
विस्तार अधिकारी न कळवता तपासणीला आले. रजिस्टर पाहून खूश. मग म्हणाले, मुलांना बोलू द्या. मगन ‘अध्यक्ष महाशय’ एवढं म्हणाला आणि रडायला लागला. विज्ञान मंडळाच्या अध्यक्षाला आपण अध्यक्ष आहोत हेच माहीत नव्हतं. साहेबांनी रजिस्टर मिटलं.
तेवढ्यात मधली सुट्टी झाली आणि शाळेमागून हशा ऐकू आला. साहेब तिकडे निघाले, मी मागे. हातपंपाशी मंदा उभी, तेच सगळं चालू होतं, मी बंद केलेलं. साहेब दोंडाईच्याकडचे, अहिराणी त्यांच्या घरची. उकिडवे बसून गोष्ट शेवटपर्यंत ऐकली. मग विचारलं, हे मंडळ कुणी काढलं?
‘‘मीच, साहेब. नोंद राहून गेली.’’ तोंडातून निघून गेलं.
साहेबांनी मंदाला विचारलं, ‘‘खरं शे का?’’
ती माझ्याकडे बघत राहिली. पुष्पाबाईंनी मान खाली घातली. मग मंदा म्हणाली, ‘‘हा साहेब. गुरुजीसनीच काढं.’’
शेरा मिळाला: ‘शिक्षकाचा उपक्रम अनुकरणीय.’

२९ ऑगस्ट, मंगळवार
शेरा चार वेळा वाचला. आनंद व्हायला हवा होता. जेवण गेलं नाही. पित्त असेल.
मंदाला विचारलं, खोटं का बोललीस? म्हणाली, ‘‘तुम्ही बी मगनसारखं रडशात, असं वाटनं माले.’’
पित्त नाही हे.

२ सप्टेंबर, शनिवार
मंदाला वक्तृत्वाचं अध्यक्षपद देऊ केलं. नको म्हणाली. शुद्ध बोलता येत नाही, असं कारण दिलं. माझेच शब्द, आणि तिने ते साधेपणाने म्हटले, टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.
मधल्या सुट्टीत मीच हातपंपाशी गेलो. पोरांनी सरकून जागा करून दिली. मंदा ‘‘बसा गुरुजी’’ म्हणाली. बसलो. पण गोष्ट थांबली ती थांबलीच. कुणी खडे मोजतंय, कुणी अंगठा चोखतंय. काम आठवल्यासारखं करून उठलो. कोपरा वळलो आणि मागे गोष्ट पुन्हा सुरू झाली.
भिंतीआड उभा राहून ऐकली. कुणी विचारलं तर भिंतीला ओल आलीय का ते बघतोय, असं सांगायचं ठरवलं होतं.
कुणी विचारलं नाही.