आजींसाठी खोल टब

सोमवार, ४ मार्च
पोहोचले एकदाची! नवी नोकरी, नवं घर आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची वेगळी खोली. घरात तिघंच: आजी, त्यांचा मुलगा आणि सून. मुलाला साहेब आणि सुनेला वहिनी म्हणायचं मी ठरवून टाकलंय. आजींचं डावं अंग गेलंय, वाचाही गेलीय; उजवा हात मात्र असा दणकट की दाराची कडी उपटून काढतील. रोज सकाळी त्यांना टबात आंघोळ घालायची, हेच माझं मुख्य काम. वहिनींनी माझ्याकडे निरखून बघत विचारलं, की हात पहिल्यापासूनच एवढे लांब आहेत का. मी म्हटलं, माळ्यावरचा डबा स्टुलाशिवाय काढते. त्या हसल्या नाहीत. पहिल्याच दिवशी कोण हसतं म्हणा!

बुधवार, ६ मार्च
टब जुनापुराणा आणि इतका उथळ की परातीचा थोरला भाऊ शोभावा. आजी बसल्या की गुडघे उघडे पडतात. आज त्यांची पाठ चोळायला वाकले, तर त्यांनी मानगूट धरून माझं तोंड पाण्यात दाबलं. मी तळाला हात टेकले आणि जोर करून वर आले. नाकातोंडात पाणी, केस निथळताहेत, आणि आजीच माझ्यावर रुसलेल्या! वहिनी टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, सासूबाईंना थट्टेची सवय आहे. आजवर चार म्हातारी माणसं सांभाळलीत मी. एका आजोबांनी तर मला चावा घेतला होता. मी सोडून दिलं.

शनिवार, ९ मार्च
नवा खोल टब येणार! खांद्यापर्यंत गरम पाणी मिळालं तर आजींचे सांधे मोकळे होतील, असं मी सुचवणारच होते, तेवढ्यात साहेबांनी प्लंबरला बोलावलंसुद्धा. गंमत म्हणजे त्याने आजींचं माप घेतलंच नाही. माझ्या हाताचं घेतलं, काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत. साहेब म्हणाले, आंघोळ तुम्ही घालणार, टब तुमच्या मापाचा हवा. इतक्या वर्षांत माझी सोय कुणी बघितली नव्हती. खरं सांगते, मला भरून आलं.

मंगळवार, १२ मार्च
जुना टब फोडून नेला. नवा बसला, पांढराशुभ्र, नुसता बघत राहावा असा. कौतुकाने वाकून तळाला हात लावायला गेले, तर चार बोटं कमी पडली. प्लंबरला म्हटलं, माप चुकलं तुमचं. तो पान्हे गोळा करत म्हणाला, की त्याचं माप आजवर चुकलेलं नाही. मेला किती मिजाशी!

बुधवार, १३ मार्च
आजींनी पुन्हा मान धरली. हात खाली नेला — तळच नाही. कड गुळगुळीत, पकडायला काही नाही. वहिनी टॉवेल घेऊन शेजारीच. हलल्या नाहीत. आजींचा पाय हाताला लागला, तो ओढला, त्या घसरल्या तेव्हा कुठे मान सुटली.
वहिनी धावल्या त्या सासूबाईंकडे.
थट्टा नव्हती ही.

गुरुवार
खोलीला बाहेरून कडी. खिडकीला गज. आसपास घर नाही.
साहेब दाराबाहेरून शांतपणे बोलले. आईला एवढी एकच हौस उरलीय. आधीच्या दोघी आखूड हातांच्या, त्यांना जुना टब पुरला. माझ्यामुळे बदलावा लागला —
प्लंबर परत आलाय. आजी घसरू नयेत म्हणून टबात पट्टा बसवतोय. शीळ वाजवत.

शुक्रवार
उद्या आंघोळ.
साहेब म्हणाले, माझ्या जागी दुसरी कुणी आली तर मला सोडतील. मी म्हटलं, बाहेर जाऊन सगळं सांगेन. ते म्हणाले, बोलावणाऱ्या तुम्हीच, मग कोणत्या तोंडाने सांगाल?
मग फोन हातात दिला.
नणंदेला लावला. नवरा गेल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली, तेव्हा हिनेच मला घरात घेतलं. अर्ध्या ताटातलं अर्धं मला वाढलं. सध्या तिला काम नाही — मी सांगितलं, काम हलकं आहे, माणसं देवासारखी आहेत, उद्याच ये.
फोनवर ती आनंदाने रडली. मला म्हणाली, वहिनी, तुझे उपकार —
मला जगायचंय. बस.

शनिवार, सकाळ
आली. फाटकाशी उभी आहे. नवी साडी नेसलीय.
वर माझ्या खिडकीकडे बघतेय. मला बघून हात हलवला —
एक हाक मारली तर माघारी पळेल. फाटक अजून उघडं आहे. एकच हाक.
घरातल्या वहिनी पुढे गेल्या. हसून तिची पिशवी घेतली.
आता अंगणात — अजून वेळ आहे —
घसा धडधाकट आहे माझा. ओरडता येतं मला. आणि मी हे लिहीत बसलेय, म्हणजे मी —